खीरदानाची ओळ

चंद्रप्रकाशने आणलेल्या मजकुरात पहिल्या पाच ओळींत सात चुका होत्या. धोंडिराम खंडागळेने त्या एकेक करून मोठ्याने मोजून दाखवल्या.

"‘तथागत’ शब्दात शेवटी त येतो की थ?"

"त... ना काका?"

"मग थ का लिहिलायस? आणि ‘उत्साह’चा उ दीर्घ कधीपासून झाला? ‘जयंती’त अनुस्वार ‘ज’वर देऊन ठेवलायस, जंयती! बुद्धाची आहे म्हणून वाचली, माणसाची असती तर मेला असता तो."

चंद्रप्रकाश हसला. टेलिफोनच्या ऑफिसात कारकून, वय अठ्ठावीस, आणि तीन वर्षांपासून सिद्धार्थवाडीच्या उत्सव कमिटीचा सेक्रेटरी. शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावायचा. त्यातलं एक तरी वापरायला शिक, असं धोंडिराम त्याला दरवर्षी सांगायचा.

"काका, तुम्ही आहात म्हणून तर आपण बिनधास्त लिहितो. तुम्ही करून टाका ना झकास."

धोंडिरामने खालचा ओठ पुढे काढला. हा ओठ वाडीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणी चुकीचं बोललं, चुकीचं लिहिलं, चुकीच्या दिशेला हात जोडले, की तो ओठ पुढे यायचा आणि समोरच्याला आपण उघड्यावर अंघोळ करताना सापडलो असं वाटायचं.

घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, दत्ताराम मुणगेकरच्या छापखान्यात तो बावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होता. माणदेशातून आला तेव्हा नीट सही येत नव्हती. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यानंतर रात्रशाळेत नववीपर्यंत शिकला, आणि पुढचं सगळं शिशाच्या खिळ्यांनी शिकवलं. उलटं अक्षर तो सुलट्यापेक्षा भराभर वाचायचा. बुद्ध आणि बुद्धाचा धम्म यांवर मिळेल ते वाचून काढलं होतं. आणि जितकं वाचलं तितकी त्याला वाडीची किळस येत गेली.

कारणंही होती. वर्षभर रंगीत लुगडी नेसणाऱ्या बायका वैशाख पौर्णिमेला पांढरी नेसायच्या आणि दुसऱ्या दिवशी ट्रंकेत टाकायच्या. त्याच ट्रंकेच्या तळाशी गावाकडचा खंडोबाचा टाक फडक्यात गुंडाळून ठेवलेला. विहारात त्रिसरण संपतं न संपतं तोच लाउडस्पीकरवर सिनेमाची रेकॉर्ड. बुद्धाला नवस बोलणारे होते, बुद्धाला मुलगा मागणारे होते. एकाने तर मटक्याचा आकडा मागितला होता. पंचशील पाठ नाही असं कुणी सापडायचं नाही, आणि पंचशील म्हणजे काय ते सांगेल असंही कुणी नाही. सारे पोपट आहेत, असं धोंडिरामचं ठाम मत होतं. म्हणून तो उत्सवाला जात नसे. पौर्णिमेच्या दिवशी घरी खाटेवर वाचत पडायचा, आणि त्याची बायको शांताबाई पहाटेपासून विहारामागे चूल पेटवून खीर करायची.

"आणि काका," चंद्रप्रकाश कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हे खाली बघा. ‘खीरदान : शांताबाई धोंडिराम खंडागळे व महिला मंडळ.’ एकोणीस वर्षं काकी खीर करतायत, एकदासुद्धा नाव नाही आलं. मी मीटिंगमध्ये बोललो, यंदा टाकायचंच. टाका बरं का."

"आणि हे प्रमुख पाहुणे कोण?"

"मुलुंडचे शेठ. लाद्यांचा मोठा धंदा आहे. विहाराला लादी देतायत ना यार, फुकट! त्यांचं नाव जरा जाड पाहिजे."

"बुद्धापेक्षा जाड?"

"तसं नाही... पण दिसलं पाहिजे."

तो गेला. धोंडिरामने खिळे लावायची स्टिक हातात घेतली आणि जुळणी सुरू केली.

चुका सुधारून मजकूर नीट लागला. ‘बुद्ध जयंती’ काढून त्याने ‘वैशाख पौर्णिमा’ केलं. शेठचं नाव जाड खिळ्यांत घातलं, कारण कमिटीशी भांडायला त्याच्याकडे वेळ नव्हता. मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार, दोन सल्लागार. नावांची ती उतरंड पाहून त्याचं डोकं फिरलं. सबंध कागदावर या दिवसाचा अर्थ काय याबद्दल एक अक्षर नव्हतं. उद्या कुणी परक्याने हे हँडबिल वाचलं तर त्याला वाटेल, की लाद्यांच्या शेठजींचा वाढदिवस आहे आणि बुद्ध पाहुणा म्हणून येणार आहे.

मग त्याला राहवलं नाही. मूळ मजकूर बाजूला सारून त्याने डोक्यातूनच जुळवायला घेतलं: ‘वैशाख पौर्णिमा ही केवळ जयंती नव्हे. याच पौर्णिमेस लुंबिनीच्या वनात सिद्धार्थाचा जन्म झाला, याच पौर्णिमेस बोधिवृक्षाखाली त्यांना संबोधी प्राप्त झाली आणि याच पौर्णिमेस कुसिनारा येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. देह झिजवून ज्ञान मिळत नाही हे ओळखून त्यांनी सुजातेच्या हातची खीर स्वीकारली. म्हणून आजचे खीरदान. हे दान आहे, प्रसाद नव्हे.’

शेवटचं वाक्य लागलं तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. फक्त एक ओळ जास्त होत होती. त्याने वरखाली पाहिलं. शेठ निघणार नाही. सहखजिनदार निघाला तर दारावर भांडायला येईल. खाली ‘मुद्रक : द. ग. मुणगेकर, घाटकोपर’ ही ओळ मालकाची. मग त्याने चिमट्याने खीरदानाची ओळ उचलली आणि खिळे केसच्या खणांत परत टाकले. हात जरासुद्धा अडखळला नाही. बायकोचं नाव काढलं तर कोण भांडणार?

दत्ताराम प्रूफ बघायला आला. चष्मा कपाळावर सारून त्याने मूळ कागद आणि प्रूफ शेजारी धरले.

"अरे धोंडिरामा, ह्यात तुझ्या बायलेचा नाव होता मा? ता खंय गेला?"

"जागा नाही."

"आणि ह्या एवढा लांबलचक कोणी सांगलान?"

"ते पाहिजे. महत्त्वाचं आहे."

दत्तारामने चष्मा खाली ओढला. मग "तुझा तू जाण," म्हणून त्याने प्रूफावर सही केली. संध्याकाळपर्यंत ट्रेडल मशीनवर गुलाबी कागदाची पाचशे हँडबिलं निघाली.

घरी गेला तर शांताबाई उंबऱ्यातच उभी. चंद्रप्रकाशने येऊन सांगितलं असावं.

"अवो, नाव घातलं का?"

"हूं," धोंडिराम म्हणाला आणि पाय धुवायला बसला.

"खरंच? बघू." तिने पिशवीतलं एक हँडबिल ओढून घेतलं. हात पदराला पुसून कागद दोन्ही हातांनी धरला. तिला वाचता येत नव्हतं. लग्नानंतर एकदा धोंडिरामने पाटी आणून शिकवायला घेतलं होतं. चौथ्या दिवशी ती ‘ध’ आणि ‘घ’ यांत गोंधळली, तेव्हा ‘डोक्यात दगड भरलेत’ म्हणून त्याने पाटी शेजारच्या पोराला देऊन टाकली. "कुठं हाय वो?"

"खाली."

"हितं? ह्या शेवटच्या वळीत?"

"असेल. मला जेवायला वाढ आधी."

हे खोटं बोलणं झालं, असं त्याला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. भुणभुण करणारी माशी हातानं वारावी, तसं ते होतं. शांताबाईने शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं, दोनदा, आणि कागद घडी न घालता तांदळाच्या डब्याखाली ठेवला.

पौर्णिमेला धोंडिराम एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विहाराकडे गेला. वंदनेसाठी नव्हे. आपण लिहिलेल्या ओळी वाचताना लोकांचे चेहरे कसे होतात, हे त्याला बघायचं होतं.

विहार म्हणजे डोंगराच्या उतारावर पत्र्याची लांबट खोली. दारावर पंचरंगी ध्वजांच्या पताका, आत प्लॅस्टरचा बुद्ध, पुढे मेणबत्त्या आणि पांढरी फुलं. एका पिंपात लावलेलं पिंपळाचं रोप बोधिवृक्ष म्हणून दारात आणलं होतं, त्याला बायका पाणी घालत होत्या. मे महिन्याचं ऊन नऊलाच पत्र्यावर चढलं होतं. ताडपत्रीवर तीनशे माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली आणि प्रत्येकाच्या हातात गुलाबी हँडबिल.

सगळे त्याने वारा घेत होते.

धोंडिरामने एकेक रांग तपासली. एका म्हाताऱ्याने त्याची घडी करून ढुंगणाखाली घेतली होती. पोरांनी विमानं केली होती. सहखजिनदार मात्र वाचत होता. आपलं नाव. ते एकदा वाचलं, बायकोला दाखवलं, पुन्हा वाचलं आणि मग तोही वारा घ्यायला लागला. धोंडिरामचा ओठ पुढे आला तो आत जाईना. गाढवांपुढे गीता म्हणतात, इथे तर गाढवांना पंखे वाटले होते.

कुर्ल्याहून आलेले वयस्क भन्ते आसनावर बसले. त्रिसरण झालं. मग पंचशील. भन्ते एक शील म्हणत आणि तीनशे गळे ते उचलत. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शपथ मी घेतो. धोंडिराम मागे खांबाला टेकून उभा होता. याने हात जोडलेले नाहीत म्हणून शेजारच्याने बघितलं, तर धोंडिरामने मान वळवली. पोपट, त्याच्या मनात आलं.

अकरा वाजले तरी शेठचा पत्ता नव्हता. भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे कमिटीला ठाऊक होतं, तरी शेठ येईपर्यंत पंगत थांबवली होती. शेवटी साडेअकराला शेठ मोटारीतून उतरले, चंदनाचा टिळा लावून. आत जाऊन त्यांनी बुद्धापुढे खटकन नारळ फोडला. पाणी मेणबत्तीवर उडालं, ती विझली. कमिटीतल्या कुणी चकार शब्द काढला नाही. उपाध्यक्षाने तर खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला.

‘हे दान आहे, प्रसाद नव्हे,’ असं धोंडिरामने जिवाचा आटापिटा करून छापलं होतं. तो तिथून निघून विहाराच्या मागे गेला.

मागे चुलाणावर मोठा टोप होता. पहाटे चारला नळ येतो तेव्हापासून बायका तिथे होत्या. शांताबाईचं पांढरं लुगडं धुरानं राखाडी झालं होतं. कपाळावर केस चिकटले होते. खीर झाली होती. तांदूळ फुटून दुधात मिळून गेले होते, वेलचीचा वास उतारावरच्या सगळ्या झोपड्यांत गेला असेल. तिची मावसबहीण रतन गावाहून आली होती. तिला शेजारी बसवून शांताबाई म्हणत होती, "आक्का, ह्यांनी सोताच्या हातानं जुळवलंय बघ माजं नाव. ह्या शेवटच्या वळीत. ए शकू, जरा वाचून दाव की हिला."

शकू शेजारच्या खोलीतली नवी सून. मॅट्रिक झालेली, लग्नाला वर्ष झालेलं. तिने हात पुसत कागद घेतला. तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली, तिथून वर गेली, सबंध कागदावरून फिरली आणि परत खाली आली. धोंडिराम दहा पावलांवर उभा होता.

शकूने घसा साफ केला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, "खीरदान. शांताबाई धोंडिराम खंडागळे आणि महिला मंडळ."

बायका हसल्या. रतनने शांताबाईच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "बया, छापून आलीस गं तू!"

धोंडिरामच्या मनात पहिल्यांदा आला तो तिरस्कारच, सवयीनं. सकाळी हीच पोरगी मुसावादा वेरमणी म्हणत होती. घ्या, शील संपलं. पण तो तिरस्कार टिकला नाही. कारण शकूने मान वर केली होती आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

ती पाण्याची कळशी घ्यायच्या निमित्ताने त्याच्याजवळून गेली. हळू आवाजात म्हणाली, "अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुजातेचं नाव बरं आठवलं तुम्हाला, काका."

त्याच्या ओळी अख्ख्या वाडीत एका माणसाने वाचल्या होत्या, आणि त्याला मिळालेली दाद ही एवढी होती.

पुढे माइक खरखरला. शेठच्या गळ्यात हार पडला, भन्त्यांनी घड्याळ बघत चार घास खाल्ले, आणि आभार मानायला चंद्रप्रकाश उभा राहिला. आवाज विहाराच्या मागेही लख्ख ऐकू येत होता.

"एक माफी मागायची आहे. एकोणीस वर्षं आपल्याला खीर खाऊ घालणाऱ्या शांताबाई काकींचं नाव यंदा हँडबिलात टाकायचं ठरलं होतं. मी मजकुरात लिहूनसुद्धा दिलं होतं. पण छापखान्याच्या नजरचुकीनं ते राहून गेलं. काकी, कमिटीतर्फे माफी. पुढच्या वर्षी सगळ्यात वर टाकू. सगळ्यांनी काकींसाठी जोरदार टाळ्या!"

पुढे तीनशे माणसांच्या टाळ्या उठल्या. मागे चुलाणापाशी कुणी हाललं नाही.

शांताबाईने मांडीवरचा गुलाबी कागद बघितला. मग शकूकडे बघितलं. शकूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, डोळे भरले होते. शांताबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, एकदा थोपटलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. द्रोण आण."

धोंडिरामकडे तिने बघितलंच नाही.

त्याची सुटका चंद्रप्रकाशने करून ठेवली होती. नजरचूक. पाचशे वेळा दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याची एक चूक, लोक हसतील आणि विसरतील. ज्याला त्याने काडीची किंमत दिली नाही त्या पोराने, एकाही शब्दाचं शुद्धलेखन न चुकता, त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. ते अंगावर घेऊन घरी जाता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा धोंडिरामला स्वतःबद्दल तेच वाटलं, जे त्याला इतकी वर्षं वाडीबद्दल वाटत आलं होतं, आणि ते किती कडू असतं ते कळलं.

खिरीची रांग लागली. तो रांगेत उभा राहिला, म्हाताऱ्याच्या मागे आणि विमानवाल्या पोरांच्या पुढे. शांताबाई वगराळ्याने वाढत होती. प्रत्येकाकडे बघून हसत होती. पोराला "सावकास, भाजंल" म्हणत होती, म्हाताऱ्याला अर्धं वगराळं जास्त घालत होती. त्याची पाळी आली. त्याने द्रोण पुढे केला.

"नजरचूक नव्हती," तो म्हणाला. "मी काढलं. जागा पाहिजे होती."

वगराळं टोपातून वर आलं, थांबलं.

"कशाला?"

"अर्थ लिहायचा होता. पौर्णिमेचा. लोकांना कळावं म्हणून."

शांताबाईने आता त्याच्याकडे पाहिलं. चिडलेली असती तर त्याला सोसलं असतं, रडली असती तरी सोसलं असतं. पण ती बघत होती ती धोंडिराम चुकलेल्या प्रूफाकडे बघायचा तशी, आणि तिचा खालचा ओठ किंचित पुढे आला होता.

"वाचला का कुनी?"

धोंडिरामने मागच्या पोराच्या हातातल्या गुलाबी विमानाकडे पाहिलं.

तिने द्रोणात खीर घातली. सगळ्यांना घातली तेवढीच. एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही.

"चला पुढं," ती म्हणाली. "मागं मानसं खोळंबल्यात."

त्याने ताडपत्रीच्या कडेला बसून खीर खाल्ली. खीर चांगली झाली होती. एकोणीस वर्षं ती त्याच्यासाठी डब्यातून घरी येत होती आणि पुस्तकातून डोळे न काढता तो ती खात आला होता, त्यामुळे आधी कशी व्हायची ते त्याला सांगता आलं नसतं.

घरात पुढे काही आरडाओरडा झाला नाही. दुपारी चारला शांताबाई परत आली, अंघोळ केली, पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं, आणि रोजच्यासारखा चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. पुढच्या आठवड्यात धोंडिरामने एक पाटी आणि पेन्सिल विकत आणून कोनाड्यात ठेवली. शांताबाईने तिला हात लावला नाही. पाटीवर धूळ बसली.

दर दोन महिन्यांनी गावाहून तिच्या भावाचं कार्ड यायचं. आजवर ते ती धोंडिरामच्या हातात देऊन समोर बसायची, आणि तो आधी त्यातल्या चुका वाचायचा, मग मजकूर. त्या वर्षी ज्येष्ठात कार्ड आलं. पोस्टमनकडून शांताबाईने ते घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि खाटेवर बसलेल्या नवऱ्याच्या पुढून, चप्पल पायात सरकवून, पलीकडे शकूच्या खोलीकडे निघून गेली.